दुसऱ्या दुकानाची सायकल

धार,
गुरुवार

प्रिय वीरू,

पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर तू ते फोडायच्या आधी फोन लावशील, 'आई, सब ठीक है ना?' म्हणून. सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'हां आई, हां आई' करत दुसऱ्याच कुणाला माल कुठे उतरवायचा ते सांगत असतोस आणि माझं अर्धं बोलणं तुझ्या गोडाऊनातच पडून राहतं. तुला मराठी वाचताना अडखळायला होतं हे मला ठाऊक आहे. हिंदी शाळेत मीच घातलं, तेव्हा तो दोष माझा. जिथे अडेल तिथे अपेक्षाला विचार, माझी सून कोल्हापूरची आहे, तिला माझं हे गिचमिड अक्षरही लागेल. पण पहिल्यांदा एकट्याने वाच. मग तिला दे.

आधी दुकानाची हालहवाल सांगते, कारण तू ती विचारत नाहीस. आपलं दुकान चालू आहे. इंदूर रोडवर तुमच्या कंपनीची शाखा उघडली त्याला दसऱ्याला वर्ष होईल. तिला तिच्या नावाने कुणीच ओळखत नाही, सगळे 'एसीवाली दुकान' म्हणतात. देवासला तू सांभाळतोस तशीच ही पण, काचेची, आत गाणी लावलेली, आणि बारा महिने सेल. ती उघडली तेव्हा तू म्हणाला होतास, आई, आता शटर टाक, देवासला ये, रोज सकाळी टेकडीवर देवीच्या दर्शनाला जा, नातवाला, मननला, शाळेत सोड. तुझ्या तोंडात साखर पडो. पण बाळा, ज्या बाईने सत्तावीस वर्षं चाकं सरळ केली तिला तू नुसत्या पायऱ्या चढायला लावणार? शेजारचा उमाशंकर कचोरीवाला रोज सकाळी कढई चढवता चढवता मला छेडतो, "काकी, अब क्या सिर्फ हवा भरोगी?" मी म्हणते, "भरीन की! तुझ्या कचोरीत तू दुसरं काय भरतोस, भिया?" हसतो मेला, आणि चहा पाठवतो. चार गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून बाजारात माझा आवाज कमी झालेला नाही, एवढं तू ध्यानात ठेव.

मी ही विद्या कशी शिकले ते तुला अर्धंच आठवत असेल, तू नऊ वर्षांचा होतास. तुझ्या आबांची एक बाजू गेली आणि ते खाटेला खिळले. दोन्हीकडचे काका म्हणाले, दुकान विकून टाका, आपल्या घरातली बाई रस्त्यावर बसून सायकली पुसणार का? तुझे आजोबा दरबारच्या पागेत होते, त्याचा मान यांना तेव्हा आठवला. मी म्हटलं, पागेत घोड्याची लीद कोण काढत होतं मग? त्यानंतर वर्षभर कुणी आपल्याकडे जेवायला आलं नाही. आबांची खाट मी दुकानाच्या मागच्या खोलीत, दार उघडलं की समोर दिसेल अशी ठेवली, आणि एक जुनी सायकल पूर्ण उघडली. उघडायला एक दुपार लागली, जोडायला तीन दिवस. चौथ्या दिवशी मोठ्या दिमाखात ती आबांसमोर नेऊन उभी केली. त्यांनी बघितलं आणि अर्ध्याच तोंडाने इतके हसले, इतके हसले, की मला वाटलं दुसरा झटका आला. मी पुढचा चिमटा उलटा बसवला होता! पुढचं चाक ज्याच्यात बसतं त्याचा बाक पुढे हवा, मी तो मागे केलेला. त्यांनी चांगल्या हाताने चिमट्याकडे बोट केलं, मग माझ्या पायाकडे, मग जमिनीकडे. म्हणजे वळायला जाशील तर पाय चाकात अडकेल, आणि उतारावर हँडल हातात राहणार नाही, आपटशील. तेव्हापासून कुठलीही सायकल दारात आली की माझी नजर आधी चिमट्यावर जाते. देवळात गेलं की आधी हात जोडले जातात, तसं.

आणि माहेरपण तर तुला आठवायलाच हवं. आपल्या दुकानातून गेलेली प्रत्येक नवी सायकल सव्वा महिन्याने परत यायची. नव्या चाकाच्या तारा चालून चालून सैल पडतात, नट आपापली जागा घेतात, ब्रेक उतरतो. ते सगळं पुन्हा कसायचं, चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढायचा, तेल घालायचं आणि पाठवायची. आबा त्याला सायकलीचं माहेरपण म्हणायचे. तू थोडा मोठा झालास तसं, गिऱ्हाईक विसरलं तर तुला त्याच्या घरी पाठवायचे. तू अमझेऱ्यापर्यंत बसने जायचास आणि सायकल चालवत घेऊन यायचास, आलास की पाय चोळत बसायचास, 'आबा, ये लोग अपनी बेटी को खुद क्यूँ नहीं भेजते?' आम्ही दोघं पोटभर हसायचो. तुमच्याकडे सायकल खोक्यातून निघते आणि हँडल वळवून, पेडल लावून तासाभरात दारात उभी राहते. फिटिंग करणाऱ्याला सांगितलेलं असतं दिवसाला इतक्या झाल्याच पाहिजेत. मी काही तुमच्या एसीवर जळत नाही. मला राग आहे तो या तासाभराचा.

तो राग मी चुकीच्या ठिकाणी काढला. हेच सांगायला इतकं लांबण लावलं.

तुमची शाखा उघडल्यावर गंमत अशी झाली की सायकल तिकडे घ्यायची आणि बिघडली की माझ्याकडे आणायची. अमझेऱ्याचा तो लंगडा किराणावाला, त्याच्या दोन पिढ्यांना आपण सायकली दिल्या, तो पण नवी तिकडचीच घेऊन आला. मी नुसतं बघितलं, तर खाली मान घालून म्हणतो, "कई करां काकी, वां सस्ती मिलि गी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली, पेंटरकडून लाल अक्षरात, हिंदीतून, म्हणजे सगळ्यांना कळेल: येथे फक्त याच दुकानातून घेतलेल्या सायकली दुरुस्त होतील. बाजाराने वाहवा केली. उमाशंकर म्हणाला, "काकी ने तो मोर्चा खोल दिया!" आणि मलाही चेव चढला. कुणी दुसऱ्या दुकानाची सायकल घेऊन आलं की मी मोठ्याने म्हणायची, परक्या सुनेचं माहेरपण आमच्याकडे होत नाही. चहाला बसलेले सगळे हसायचे. मला ते हसणं आवडायला लागलं होतं, वीरू. साठी उलटलेल्या बाईला टाळ्या मिळाल्या की काय होतं ते आता मला कळलंय.

गोपाळराव तुला माहीत आहेत, गल्लीतल्या दत्तमंदिरात पूजा करतात ते, दुर्गाबाईंचे यजमान. त्यांची नात इरावती, अकरा वर्षांची, आईबापाविना त्यांच्याकडेच वाढते. तिचा देवासचा मामा प्रणव, वकील, त्याने तिला देवासला नेऊन वाढदिवसाची सायकल तुझ्या दुकानातून घेतली आणि टेम्पोत घालून इथे आणून दिली. जांभळी, पुढे टोपली. पोरगी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, ही वळताना पायाला लागते." मी बघितलं. सांगितलं ना तुला, नजर आधी तिथेच जाते. चिमटा उलटा. एका क्षणात दिसला. पाना माझ्या हातात होता, दहा मिनिटांचं काम. आणि मी काय केलं? पाटीकडे बोट दाखवलं आणि बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एसीवाल्यांना एवढंही येत नाही, बघा रे, मुंडकं उलटं बसवून पाठवलंय! जा बाई, ज्याने विकली त्याला दाखव." सगळे खो खो हसले. पोरीला वाटलं तिलाच हसतायत. सायकल हाताने ढकलत घेऊन गेली. चालवू नकोस, एवढे दोन शब्दसुद्धा माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

मग चौथ्या दिवशी ती किल्ल्याच्या उतारावर पडली. पुढचे दोन दात गेले, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आठवतंय? मी रडत होते, तुला सगळं सांगितलं, ती माझ्याकडे आली होती, मी बघितलं आणि हाकलून दिलं. तू म्हणालास, 'आई, तू टेंशन मत ले, बच्चे गिरते रहते हैं.' दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. गोपाळराव पूजेला गेले होते. दुर्गाबाईंनी पाणी दिलं, बसवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाईसाहेब, ती शाळेतून नेहमी बाजारातूनच यायची. तुमच्या दुकानात सगळे तिला हसले, म्हणून चार दिवस लाजेने ती उताराच्या वाटेने येत होती." एवढंच. शिवी दिली असती तरी सोसली असती.

दुकानात परत आले, स्टूल घेतलं आणि पाटी माझ्या हाताने उतरवली. उमाशंकर खालून विचारत होता, "क्या हुआ काकी, सुलह हो गई क्या?" मी म्हटलं, "सुलह नाही रे, आता खरी लढाई." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी चौकात दोन बाकडी मांडून बसते. कुठल्याही दुकानाची सायकल असो, तुमची, आमची, भंगारातली, मी तपासून देते. ब्रेक, तारा, चिमटा. फुकट. आतापर्यंतच्या रविवारांत उलट्या चिमट्याच्या चार निघाल्या, चारही खोक्यातून आलेल्या. ब्रेकच्या तारा न कसता दिलेल्या किती, ते मोजायचं सोडून दिलं. बदनावरहून एक जण मंडीत सोयाबीन उतरवून तीन पोरांच्या तीन सायकली पिकअपमध्ये घालून आला. तुमच्या शाखेचा मॅनेजर, काळा टाय लावलेला, परवा उभा राहून बघत होता. मी त्यालाही म्हटलं, "बसा भिया, शिका. फी नाही." गेला निघून. दुकान बुडवण्याचा हा नवा उपाय आहे असं तू म्हणशील. बुडालं तर बुडालं, पण बाजारातलं हे एक काम मी बंद होऊ देणार नाही.

आता तुझ्या कागदाबद्दल. गेल्या आठवड्यात मोबाईलवर तू तो टाइप केलेला हिंदी कागद पाठवलास, वर लिहिलंस, 'आई, बस एक साइन, फॉर्मैलिटी है.' चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात लिहिलंय की यह साइकिल भवानीबाई की दुकान में खोली गई थी और चिमटा वहीं बदला गया. म्हणजे प्रणवने देवासच्या उपभोक्ता फोरममध्ये, ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात त्या कोर्टात, जी केस टाकली आहे तिच्यातून तुमची कंपनी सुटली, आणि सगळं आलं माझ्या पान्यावर. ती माझ्याकडे आली होती हे कंपनीला कुणी सांगितलं, वीरू? मी फक्त तुला सांगितलं होतं. आईने रडत सांगितलेली गोष्ट तू साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलीस. आणि दुसऱ्या दिवशी वर तो निरोप, सही केली तर आपल्या दुकानाला कंपनीचं सर्व्हिस सेंटर करतील, नवा बोर्ड लावून देतील. बोर्ड मी एकदा लावून बघितला आहे. पुरे झालं.

तुझ्यावर वरून दाब असेल, ते मला समजतं. तुझा स्वभाव मऊ आहे, तू लहानपणीही मार खायचास पण नाव सांगायचा नाहीस. मी तर म्हणते फिटिंग करणाऱ्या पोराचीही मोठी चूक नाही. उलटा चिमटा सगळेच एकदा बसवतात, मी बसवला. पण मी बसवला तेव्हा बघणारा एक माणूस होता. तुमच्या त्या काचेच्या घरात एवढी माणसं, एवढे कॅमेरे, आणि सायकल बाहेर जाताना बघणारं कुणीच नाही? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. वरच्या नटावर तुमच्या कंपनीचं स्टिकर अजून अखंड आहे. मी दुर्गाबाईंकडे जाऊन हात लावून पाहिलंय. नट एकदा जरी फिरवला असता तरी ते फाटलं असतं.

आणि त्याहून मोठी एक गोष्ट आहे, जी आज पाच दिवस मी एकटीच जवळ धरून बसले आहे. दुर्गाबाईंनी मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. तुमचं दुकान प्रत्येक गिऱ्हाइकाचा काढतं ना, फुगे लावून, 'नई साइकिल की बधाई' लिहून, तो. मधे इरावती, पुढचे दात अजून जागेवर, हसतेय. एका बाजूला प्रणव. दुसऱ्या बाजूला, हँडलवर हात ठेवून, तू. दुर्गाबाईंना त्यात नात दिसते. प्रणवलाही भाचीच दिसत असणार, वकिलाला चिमट्यातलं काय कळतं? मला मात्र फुग्यांच्या खाली चिमटा दिसला. उलटा. अजून तुमच्या दारातून बाहेरसुद्धा न पडलेला. मी म्हटलं, पोरगी छान आलीये, मला पाठवा हो. त्यांनी लगेच पाठवला. पाच दिवस मी तो उघडते आणि तुझ्या हाताकडे बघते. हँडलपासून चिमटा वीतभर खाली आहे. अमझेऱ्याहून सायकल चालवत आणणारा माझा मुलगा, ज्याला दहाव्या वर्षी डोळे मिटून आउट काढता यायचा, त्याने खाली बघितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं. मी बाकावरच्या लोकांकडे बघितलं आणि तू कॅमेऱ्याकडे. मायलेक आपण, बघ.

तर हे पत्र यासाठी. पुढच्या बुधवारी त्या फोरममध्ये तारीख आहे आणि मी साक्ष द्यायला देवासला येते आहे. प्रणवने बोलावलेलं नाही, काल तो भाचीला बघायला धारला आला होता, तेव्हा मीच गोपाळरावांच्या दारात जाऊन नाव लिहवून आले. तो बघतच राहिला, "काकी, उधर आपका बेटा है." मी म्हटलं, म्हणूनच. फोटोबद्दल त्याला अजून काही बोललेले नाही. तुझ्या कागदावर मी सही करणार नाही, आज नाही आणि हात थरथरायला लागल्यावर अंगठा मागितलास तरी नाही. मी तिथे आधी माझं सांगणार आहे, पोरगी आली होती, मला दिसलं होतं, मी हसले आणि तिला परत पाठवलं. धारमधल्या सगळ्या बाजाराने ऐकलं तरी चालेल. मग स्टिकरचं सांगेन. मग फोटो टेबलावर ठेवेन. त्याने तुझी नोकरी जाऊ शकते, अपेक्षाला आणि मननला त्याची झळ लागेल, हे मी रोज पोळी तव्यावर टाकताना विचारात घेते आहे, तेव्हा 'आईला काही कळत नाही' असं कुणाला सांगू नकोस. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. म्हणजे तुझ्या हातात चार दिवस आहेत. त्या चार दिवसांत तू स्वतः उठून तुझ्या साहेबांना आणि प्रणवला सांगितलंस की सायकल आमच्याकडूनच अशी गेली, मी तिथे उभा होतो आणि मी बघितलं नाही, तर फोटो माझ्या पिशवीतून बाहेर निघायची गरजच नाही, मी फक्त माझ्या वाट्याचं बोलेन आणि खाली बसेन. नाही सांगितलंस, तर नोटिशीतून किंवा वकिलाच्या तोंडून तुला कळू नये म्हणून मी आधी लिहिलं, एवढंच. शत्रूलाही मी पाठीमागून वार करत नाही, आणि तू तर माझ्या पोटचा. बुधवारी दारात भेटलास तर लपू नकोस. सगळ्यांसमोर 'आई' म्हणून हाक मार, मी ओ देईन. आणि मग आत जाऊन जे पाहिलं तेच सांगेन.

समोरच्या बाजूला उभी राहणारी,
तरी तुझीच
आई